न विटलेली मखमल

आत्या कुणाच्याही घरात शिरली की आधी खिडक्यांकडे पाहायची आणि मग माणसांकडे. धंदाच तसा होता. पडदे, सोफ्याची कव्हरं, पलंगपोस, गाद्यागिरद्या यांत तिचा अर्धा जन्म गेला होता. आता शिवायला हाताखाली बायका होत्या. ती फक्त लोकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, नमुन्यांची जाडजूड पुस्तकं त्यांच्या मांडीवर ठेवायची आणि त्यांना काय आवडलं आहे ते त्यांना सांगायची. निवड गिऱ्हाइकाची असते, असं ती तोंडाने म्हणायची खरी, पण तिच्यासमोर बसून भलता रंग निवडण्याची कुणाची छाती नव्हती. पश्चिमेच्या खिडकीला रेशमी पडदे हवेत असा हट्ट धरणाऱ्या एका गृहस्थाला तिने असं काही सुनावलं की बिचारा तिची मापं घेऊन होईपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन बसला. "ऊन रेशीम खातं," ती त्याच्या बायकोला म्हणाली. "वर्षात चिंध्या होतील आणि नावं मला ठेवाल."

तिचं म्हणणं सहसा चुकीचं नसायचं, हीच तर खरी अडचण होती. सतत बरोबर असणाऱ्या माणसाला कुणी काही सांगायला जात नाही.

ज्या घरात लहान मूल खोकताना दिसे, तिथे ती जाड कापडाचं पुस्तक पिशवीतून बाहेरच काढत नसे. साधं सुती कापड घ्या, दर आठवड्याला गरम पाण्यात टाका, गालिचा गुंडाळून ठेवा. आणि पेटीतून काढलेलं कापड दिवसभर उन्हात टाकल्याशिवाय खोलीत आणू नका, मग ते दिसायला कितीही स्वच्छ असो. हे शेवटचं वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की तिच्या हाताखालच्या बायका तिची नक्कल करायला नेमकं तेच घ्यायच्या, कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून. तिला ते माहीत होतं आणि आतून आवडतही होतं.

हे सगळे नियम ज्याला लागू नव्हते असं एकच घर होतं. धाकट्या भावाचं.

आईवडील लवकर गेले. भावाला आत्यानेच शिलाई मशीनवर पाय मारमारून शिकवलं, उभं केलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. भावाने दुसऱ्या शहरात घर घेतलं तेव्हा तिने दिवाणखान्याच्या खिडक्यांना गर्द निळ्या मखमलीचे पडदे शिवून नेले. दुहेरी अस्तर, खाली जड पट्टी, प्रत्येक चुणी सारखी. एकही शिवण दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू दिली नव्हती. भावजयीने पडदे पाहिले आणि "बाई, किती भारी!" म्हणाली. ती शब्दाला शब्द न वाढवणारी मुलगी होती. घर लहान होतं, खिडक्या दोनच होत्या, आणि पडदे लावल्यावर भरदुपारी दिवा लावावा लागायचा, हे ती काही बोलली नाही.

पुढे त्या घरात मुलगी झाली. गोल, टपोरी, सतत कुठेतरी अडकलेली, म्हणून आत्याने तिचं नाव ठेवलं बटण. खरं नाव शाळेपुरतंच उरलं. बटण आत्याचा जीव की प्राण होती. घाऊक बाजारात कापड घ्यायच्या निमित्ताने आत्या अधूनमधून त्या शहरात यायची, पण कापड तिला स्वतःच्या गावातही मिळालं असतं, हे भावालाही ठाऊक होतं.

दर वेळी आल्या आल्या ती पडद्याची कड दोन बोटांत धरायची, उजेडाकडे वळवायची, मखमलीच्या लवेवरून वरून खाली हात फिरवायची.

"बघ," ती भावजयीला म्हणायची, "इतकी वर्षं पश्चिमेचं ऊन खातायत, तरी कडेलासुद्धा रंग विटला नाही. अस्तर असावं तर असं!"

भावजय चहाच्या भांड्यात बघत राहायची. आत्या हे उदाहरण आपल्या गिऱ्हाइकांना सांगायची. माझ्या भावाच्या घरी जाऊन बघा, म्हणायची. गडद मखमल पश्चिमेच्या खिडकीत इतकी वर्षं न विटता राहत नाही, मग अस्तर कुणाच्याही हातचं असो, हे तिच्याकडे काम करणाऱ्या नवशिक्या पोरीनेही सांगितलं असतं. पण स्वतःच्या कौतुकाच्या आड येईल असं काही माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि आत्याचे डोळे तर कसलेले होते.

एकच दुखणं होतं. बटणला दमा होता, आणि आत्या आली की तो हमखास उसळायचा. एरवी पोर ठणठणीत, पण आत्या येऊन एखादा दिवस झाला की छाती शिट्टी वाजवायला लागायची. मग पंप, मग वाफ, मग मांडीवर उभी धरून बसणं. "आत्या आली की नाच नाच नाचते आणि दम लावून घेते," भाऊ म्हणायचा. आत्याला पोरीची दया यायची. पण आपल्या येण्याने तिला इतका आनंद होतो, याचं तिला कुठेतरी बरंही वाटायचं. माणूस असंच असतं, त्याला काय करणार!

मागच्या खेपेला मात्र ते दुखणं वाढलं. पोरीचे ओठ काळेनिळे झाले, दवाखान्यात नेऊन प्राणवायू लावावा लागला. परत आल्यावर भाऊ चाचरत म्हणाला, "ताई, डॉक्टर म्हणतात, घरात जाड पडदेबिडदे नकोत."

"पडदे वर्षभर तिथंच आहेत ना?" आत्याने विचारलं.

भाऊ औषधांच्या पिशवीची गाठ सोडायला लागला.

"आणि पोरगी वर्षभर बरी असते ना? मग पडद्यांचा काय संबंध? आठवड्याला व्हॅक्यूम फिरवा म्हणजे झालं. डॉक्टरांना काय, जे दिसेल ते काढा म्हणतात."

हिशेब चोख होता. त्यात खोट एवढीच होती की पहिलं वाक्य खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे घरात तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. भावाने भावजयीकडे पाहिलं, भावजयीने जमिनीकडे. दोघंही मूग गिळून बसली.

त्यानंतर बरेच महिने आत्याला यायला जमलं नाही. मग एका बंगल्याचं मोठं काम अचानक पुढे ढकललं गेलं, हात रिकामे झाले, आणि कळवलं होतं त्याच्या आदल्या दिवशीच तिने गाडी पकडली. बटणची गंमत करू, असं तिच्या मनात होतं.

दुपारची वेळ होती. भावजयीने दार उघडलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. दिवाणखाना उजेडाने भरून गेला होता. खिडक्यांना बारीक ठिपक्यांचे पातळ सुती पडदे होते आणि ते वाऱ्यावर उडत होते.

"पडदे कुठायत?" आत्या उंबऱ्यातूनच म्हणाली.

"धुवायला... धुवायला काढलेत, ताई."

"मखमल? धुवायला?"

तेवढ्यात बटण आतून धावत आली, आत्याच्या कमरेला मिठी मारून लोंबकळली आणि आनंदाने म्हणाली, "ते तर माळ्यावर असतात! तू येणार असलीस की आम्ही लावतो. आई आधी गच्चीवर नेऊन झोडपते, मग मी पण झोडपते!"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. राग नुसता पडद्यांचा नव्हता. इतकी वर्षं ही दोघं पडदे टांगून आपल्यापुढे नाटक करत आली, आणि आपण त्या नाटकाला टाळ्या वाजवत होतो. अस्तर असावं तर असं! गावभर सांगत फिरलो. ज्याला बोट धरून चालवलं, तो भाऊ ह्यात सामील. तिला त्या क्षणी पातळ पडदे ओरबाडून काढावेसे वाटले, आणि खरं सांगायचं तर रडावंसंही वाटलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"पडदे काढ खाली," ती म्हणाली.

"ताई, आधी चहा तरी घ्या. हे आले की..."

"त्याची वाट बघायला मी काय पाहुणी आहे? मी काढते."

तिने पदर खोचला आणि स्टूल ओढलं. भावजय निमूटपणे मदतीला लागली. माळ्यावरच्या भिंतीला कधीतरी ओल आली होती. पडद्यांच्या ट्रंकेचा तळ गंजून खरखरीत झाला होता. दिवाणखान्याच्या मधोमध झाकण उघडलं तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा आणि बुरशीचा मिळून असा भपकारा आला की दोघींनी तोंड फिरवलं.

"ताई," भावजय हळूच म्हणाली, "गच्चीवर नेऊ या का? अजून ऊन आहे. तुम्हीच म्हणता ना, पेटीतलं कापड..."

"आता तू मला कापड शिकवणार?"

आत्याने पहिला पडदा बाहेर ओढला, दोन्ही टोकं धरली आणि खोलीतच फाडकन झटकला. मग दुसरा. धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली. बटणला गंमत वाटली. ती त्या धुळीत हात मारत उड्या मारायला लागली आणि खोकली.

"बटण, आत जा," भावजय म्हणाली.

"असू दे गं. माझ्याजवळ कधी येते ती?" आत्या स्टुलावर चढली. जुनी सवय. हात भराभर चालत होते, कड्या रॉडवर सरकत होत्या. पाहता पाहता खोलीतला उजेड गेला. चुण्या एकीला एक लागून पडल्या, जशा तिने शिवल्या होत्या तशाच. काम झालं तसा रागही उतरला. तिचा राग असाच होता, येताना वावटळ आणि जाताना पत्ता नाही. खाली उतरून तिने भावजयीच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला. "मला सांगायचं होतंस गं. मी काय खाल्लं असतं का तुला?"

भावजय हसल्यासारखं करून चहा टाकायला गेली.

मग आत्याने आणि बटणने तंबूचा खेळ मांडला. पोर पडद्याच्या आत शिरून त्यात स्वतःला गुंडाळून घ्यायची आणि आत्याने बाहेरून चाचपून नाक कुठे आहे ते ओळखायचं. नाक म्हणून कान सापडला की आतून खिदळणं ऐकू यायचं. मधेच खोकला यायचा. भावजय चहा घेऊन आली, पडद्याच्या त्या हलणाऱ्या गाठोड्याकडे पाहत उभी राहिली. कपबश्या तिने खाली ठेवल्याच नाहीत.

"ये ना गं बाहेर, बाळा," ती म्हणाली.

"बसू दे. आवडलेत बघ तिला," आत्या म्हणाली.

भाऊ कामावरून आला. एक बूट काढून दुसऱ्याला हात घालणार, तोच त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. तो तसाच वाकलेला राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली. मग त्याने दुसरा बूट काढला आणि म्हणाला, "लावलेस वाटतं, ताई."

"लावले. तुमच्या माळ्याला काय शोभा आणायची होती त्यांनी?"

तो हसला. चहा प्यायला. बहिणीला प्रवास कसा झाला ते विचारलं.

दिवे लागायच्या सुमाराला बटण खेळता खेळता खाली बसली. खोकला थांबला होता, आणि ते चांगलं लक्षण नव्हतं. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले होते, खांदे वर खाली होत होते, आणि गळ्याच्या खालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. भावाने पंप दिला. पुन्हा दिला. पोर त्याच्याकडे बघत होती, काहीतरी बोलायचं होतं तिला, पण बोलण्याइतका श्वास नव्हता. भावाने तिला उचललं आणि अनवाणीच जिन्यावरून धावत सुटला.

इस्पितळात तिला आत नेलं आणि दार लागलं. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आली. "घरात नवीन काही आणलंय का? रंग, फर्निचर, पाळीव प्राणी? कुठे धूळ उडाली?"

"नाही," भाऊ म्हणाला. "नवीन काहीच नाही."

डॉक्टर आत गेली. आत्या बाकावर बसली होती. नवीन काही नाही हे खरंच होतं. पडदे बटणपेक्षाही जुने होते. आणि मग तिला तिचाच तो चोख हिशेब आठवला. पडदे वर्षभर तिथंच, पोरगी वर्षभर बरी, मग पडद्यांचा काय संबंध? पण पडदे वर्षभर तिथे नव्हतेच. ती येणार असेल तेव्हाच ते लागत होते, आणि तेव्हाच पोर आजारी पडत होती. दर वेळी. नाचून नव्हे, आनंदाने नव्हे. गच्चीवरच्या उन्हाने आणि झोडपण्याने आजवर निभावलं होतं. ह्या खेपेला ऊन दाखवायचं राहिलं होतं, आणि ते कुणी दाखवू दिलं नव्हतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत निळी लव अडकली होती. सांगायला हवं, ती मनात म्हणाली, डॉक्टरांना सांगायला हवं. ती उठून दारापर्यंत गेली, तेव्हा ते दार आतूनच उघडलं, आणि बाहेर आलेल्या डॉक्टरच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं.

त्यानंतरचे दिवस आत्याने कसे काढले ते तिलाही सांगता आलं नसतं. लोक येत होते, बसत होते, हळू आवाजात बोलत होते, जात होते. कुणीतरी म्हणालं की पडदे आहेत ते बरं, डोळ्यांवर उजेड येत नाही. भाऊ भिंतीला टेकून बसायचा आणि कुणी उठवलं की उठायचा. भावजय रडत नव्हती. आत्या भांडी घासत होती, चहा करत होती, पाहुण्यांच्या चपला बाजूला लावत होती. घरात तिची नजर खिडक्या चुकवत होती, जन्मात पहिल्यांदा.

मग येणारे थांबले. भाऊ कामावर जायला लागला, कारण घरी बसवत नव्हतं. एका सकाळी दोघीच उरल्या. भावजय दिवाणखान्यात सोफ्यावर आडवी झाली होती. पडदे लावलेले होते आणि खोलीत तो कुबट वास अजून होता. आत्या दारात उभी राहिली. बोललं की हे घर संपलं, हे तिला कळत होतं. भाऊ तोंड बघणार नाही. ह्या जगात तिला दुसरं घर नव्हतं, दुसरं माणूस नव्हतं. गप्प बसली तर कुणाला काही कळणार नव्हतं, तिने आजवर जे सांगितलं ते ह्या घराने ऐकूनच घेतलं होतं. पण ही मुलगी त्याच अंधारात पडून राहते आहे, तोच वास छातीत भरून घेते आहे, हे तिला बघवेना.

ती जाऊन सोफ्याच्या पायाशी जमिनीवर बसली.

"ऐक," ती म्हणाली. "तिचा दम नाचण्याने नव्हता गं. पडद्यांनी होता. दर वेळी पडद्यांनीच. आणि त्या दिवशी तर मी तिच्या तोंडासमोर झटकले. सगळ्या जगाला सांगते मी, उन्हात टाका म्हणून. मी मारलं तिला. तुला मला काय बोलायचं ते बोल, हाकलून दे, मी जाते."

भावजय छताकडे बघत म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मागच्या वेळी तिला प्राणवायू लावला ना, तेव्हाच कळलं होतं आम्हाला. आम्ही ठरवलं होतं, ह्या खेपेला लावायचेच नाहीत. हे तुम्हाला फोनवर सांगणार होते. रोज म्हणायचे, आज सांगतो. मग म्हणाले, येऊ दे, समोरासमोर सांगू."

हे ऐकायची आत्याची तयारी नव्हती. शिव्याशापांची होती.

"तुला माहीत होतं?" ती म्हणाली. "तू तिथं उभी होतीस, हातात कप घेऊन. ती त्यात गुंडाळून बसली होती. आणि तुला माहीत होतं? मग ओढून का नाही काढलंस तिला? माझ्या तोंडावर का नाही मारलेस ते पडदे?"

भावजयीने पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नेहमीसारखीच ती हळू आवाजात, मान राखून बोलली.

"तुम्ही किती रागावला होतात, ताई," ती म्हणाली. "आणि मग खेळायला लागलात, हसायला लागलात. म्हटलं, आजच्या दिवस राहू देत. उद्या काढू."